गट कोणता?

माझं काम नेमकं काय, हे बाबांना सांगायचा प्रयत्न मी एकदा केला. मी वाशिमला एका कार्यालयात आकडेमोड करते. कॉम्प्युटर शेतांचे किंवा शेतकऱ्यांचे गट पाडतो, दुसरं कोणी त्याच शेतकऱ्यांचे गट आपल्या मताने पाडतं, आणि या दोन वाटण्या एकमेकींशी किती जुळतात त्याचा आकडा मी काढते. बाबा जेवत होते. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "वाटन्या जुळत असत्या त कोर्ट कायले लागलं असतं, बाई?" त्यानंतर बरेच दिवस मी काही समजावायला गेले नाही.

आमचं गाव शेलूबाजारहून आत आहे. वाशिमहून एसटीने शेलूबाजार आणि तिथून जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली की आपल्याला हलायला जागा राहत नाही. मी रविवारी जाते. आई गेल्यापासून बाबा घरात एकटे असतात, पण दिवसभर एकटे नसतात. नाल्यापलीकडच्या तांड्यावरचे एक काका सकाळीच येऊन ओट्यावर बसतात. दोघं फारसं बोलत नाहीत. बोललेच तर भांडतात, आणि एखादा बोलला नाही तर 'बोलत काहून नाई' म्हणून भांडतात.

या दोघांची सावड आहे. ज्याच्याकडे एकच बैल आहे त्याने आपल्यासारखाच एकबैल्या गडी गाठायचा, दोघांचे बैल मिळून जोडी जुंपायची, आज तुझं शेत तर उद्या माझं. याला सावड म्हणतात. आमचा एक बैल आजाराने गेला आणि त्याच सुमारास काकांनी आपला एक विकला, तेव्हापासून ही चालत आली. काका हिवाळ्यात ऊसतोडीला जायचे, तेव्हा त्यांचा बैल आमच्या गोठ्यात असायचा. आई आमच्या बैलाच्या आधी त्याला पाणी दाखवायची, पाहुणा म्हणून.

मग काकू वारल्या. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. अर्धा कोयता कोणी नेत नाही. काकांचं जाणं बंद झालं. पुढे आईही गेली. आमच्या दोन्ही घरांत माणसांच्या जोड्या अशा मोडल्या आणि बैलांची तेवढी राहिली. मला तेव्हा त्याचं फार काही वाटलं नाही. आपल्या दुःखातून वर डोकं काढायला वेळ लागतो.

मागल्या वर्षी आमच्या कार्यालयाकडे सोयाबीन पिकवणाऱ्यांच्या गटांचं काम आलं. निवडलेल्या गावांत आमचंही गाव निघालं. प्रत्येक गटाला पेरणीचं एक यंत्र मिळणार होतं आणि डवरणीचं एक छोटं यंत्र. डवरणी म्हणजे पिकाच्या दोन ओळींमधलं तण काढणं, जे अजून आमच्याकडे बैलच करतात. गटातल्यांनी ही यंत्रं आपसात फिरवायची आणि एकमेकांच्या शेतात राबायचं. गटाबाहेरच्याच्या शेतात नाही, अशी अट होती.

गट दोन प्रकारे पडले. एक वाटणी कॉम्प्युटरने केली, मातीचे नमुने, उतार आणि पाणी पाहून. दुसरी गावाने करायची होती. मारुतीच्या पारावर सभा झाली, ज्याने त्याने आपला गट ठरवावा असं सांगितलं गेलं, आणि काही दिवसांनी एक सर्व्हे करणारी बाई टॅब घेऊन घरोघर जाऊन ते विचारून आली. दोन्हींची तुलना मी करायची. आमचे साहेब म्हणाले, "दोन्ही जुळत असतील तर कॉम्प्युटरचे गट कायम करू, म्हणजे भानगड नको. नाही जुळले तर बघू."

मी त्यांना लगेच सांगितलं की गाव माझं आहे, हे काम दुसऱ्या कोणाला द्या.

"गणिताला माहेर नसतं," साहेब म्हणाले आणि फाइल माझ्याच टेबलावर ठेवली.

कॉम्प्युटरचा नकाशा मी उघडला तेव्हा सगळ्यात आधी नाला शोधला. नाल्याच्या अलीकडची जमीन काळी आहे, पलीकडची बरड, मुरमाड. मातीच्या हिशेबाने कॉम्प्युटरचं काही चुकलं नव्हतं. बाबा काळ्या जमिनीच्या गटात होते, काका बरडाच्या. त्या रविवारी बाबांना हे सांगितलं तर त्यांनी गोठ्याकडे पाहिलं.

"मंग एक बैल कोनाच्या कामाचा?" ते म्हणाले. "खुट्याले बांधून त्याची आरती करू काय? इकाच लागन. त्याले बी अन् याले बी."

काका काही बोलले नाहीत. त्यांच्या न बोलण्यावरून त्या दिवशी भांडण झालं नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली. बैल विकले की काकांना सकाळी नाला ओलांडून यायला कारण उरणार नव्हतं, आणि विनाकारण येऊन बसणारे ते नव्हेत. आकडा मोठा आला की सावड मोडणार, इतकं सरळ होतं. आणि तो आकडा माझ्या हातून निघणार होता.

दोन वाटण्या जुळतात की नाही हे पाहायची सोपी रीत अशी. गटांच्या नावांकडे बघायचंच नाही. एका वाटणीतला 'अ' गट दुसरीत 'क' असेल, त्याने काही बिघडत नाही. बघायचं ते एवढंच की कोण कोणासोबत आहे. गावातले कोणतेही दोन शेतकरी घ्या. ते पहिल्या वाटणीत एकत्र आहेत की वेगळे? आणि दुसरीत? दोन्हींकडे एकत्र असतील तर जुळलं, दोन्हींकडे वेगळे असतील तरी जुळलं. एकीकडे एकत्र आणि दुसरीकडे वेगळे, तर नाही जुळलं. अशी गावातली प्रत्येक जोडी तपासायची, आणि शंभरातल्या किती जुळल्या ते सांगायचं.

आकडा मोठा आला. खूपच मोठा. साहेबांनी माझ्या खांद्यावरून स्क्रीनवर पाहिलं आणि खूश झाले. "गाव शहाणं आहे तुमचं," ते म्हणाले आणि वर पाठवायच्या टिपणाचा मसुदा सांगायला लागले. माझा चेहरा पडला असणार, पण त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

या सोप्या रीतीत एक खोट आहे, आणि ती आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. गट पुष्कळ असले की बहुतेक माणसं एकमेकांपासून वेगळीच असतात, वाटणी कोणीही करो. मग 'दोन्हींकडे वेगळे' अशा जोड्यांचा ढीग होतो आणि तो सगळा जुळण्याच्या खात्यात जाऊन पडतो. एकमेकांना न ओळखणारी माणसं भांडत नाहीत, म्हणून त्यांच्यात एकोपा आहे असं म्हणण्यातला हा प्रकार. त्यावर उपाय म्हणून दुसरं माप आहे. नुसती चिठ्ठ्या टाकून वाटणी केली असती तरी जे जुळलं असतं, ते आधी वजा करायचं आणि उरेल तेवढंच मोजायचं. पूर्ण जुळलं तर एक. चिठ्ठ्यांइतकंच जुळलं तर शून्य.

साहेबांना थांबवून मी ते दुसरं माप काढलं. शून्य आलं. शून्याच्या जवळपास नाही, साफ शून्य.

आता आनंद व्हायला हवा होता, आणि क्षणभर झालाही. पण खऱ्या माणसांच्या वाटण्यांत साफ शून्य येत नाही. कुठेतरी थोडं वर, नाहीतर थोडं खाली, असं काहीतरी उरतंच. साफ शून्य आलं की समजावं, कोणीतरी भलतंच काही भरून आणलं आहे. मी गावाची माहिती उघडून पाहिली. त्यात माणसांची नावं नसतात, नुसती ओळ आणि तिच्यापुढे गट. गावात जितके शेतकरी तितके गट होते. एकाही गटात दुसरा माणूस नव्हता. आणि गटांची नावं म्हणजे एक-दोन-तीन नव्हे, मोठमोठे आकडे. स्क्रीन खाली सरकवता सरकवता त्यातला एक आकडा ओळखीचा निघाला. आमच्याच शेताचा.

मला हसू आलं आणि रागही आला. टॅबवरच्या चौकोनावर लिहिलं होतं 'गट क्रमांक'. आमच्याकडे कोणत्याही शेतकऱ्याला गट कोणता म्हणून विचारा, तो सातबाऱ्यावरचा जमिनीचा गट क्रमांक सांगणार. तलाठ्याकडे हेच विचारतात, पीकविम्याला हेच, बँकेत हेच. उत्पन्नाच्या दाखल्यापासून वसतिगृहाच्या अर्जापर्यंत सगळीकडे भरून भरून आमच्या शेताचा नंबर मला पाढ्यांसारखा पाठ आहे. सर्व्हेची बाई शहरातली. तिने आकडा विचारला, लोकांनी आकडा दिला, कोणीच खोटं बोललं नाही. आणि सगळं गाव एकेकटं होऊन बसलं.

पुढच्या रविवारी मी गावी गेले ती मुद्दाम हे विचारायला. दोघं ओट्यावर होते. काका तुरीच्या काड्यांचा खराटा बांधत होते. मी बाबांना म्हटलं, "सर्व्हेवाल्या बाईला तुम्ही गट म्हणून आपल्या शेताचा नंबर सांगितला ना?"

"नाई," बाबा म्हणाले.

"नाही कसं? मी पाहिला ना कॉम्प्युटरवर."

"म्या नाई सांगतला. म्या याचा सांगतला." बाबांनी हनुवटीने काकांकडे दाखवलं.

मला काही उमगेना. "काकांच्या शेताचा नंबर तुम्ही काहून सांगितला?"

"थे म्हने गट कोनता. म्या म्हनलं, कायचा गट? त थे म्हने, पेरनीले ज्याच्यासंगं राह्यनार असान त्याचा. मंग म्या याचा सांगतला. आपला त तलाठ्याले माहीतच हाय."

मी काकांकडे वळले. "आणि काका, तुम्ही?"

काका खराट्याची गाठ आवळत होते. "म्या भाऊचा सांगतला," ते म्हणाले. "दुसऱ्या कोनाचा सांगू?"

दोघंही माझ्याकडे, मीच काही तरी चुकलेय अशा नजरेने पाहत होते. मी उठून आत गेले, माठातलं पाणी प्यायले आणि पुन्हा बाहेर आले. सगळ्या गावात प्रश्न उलटून विचारून बरोबर उत्तर दिलं होतं ते या दोघांनी. आणि प्रत्येकाने दुसऱ्याचा नंबर सांगितल्यामुळे दोन ओळींपुढे दोन वेगळे आकडे पडले होते. एकाच गटाचे आकडे सारखे हवेत, एवढंच कॉम्प्युटरला कळतं. त्याने त्यांना इतरांसारखंच एकेकटं मोजलं.

"आता तुमची वाटणी वेगळी मोजली गेलीय," मी सांगितलं. मग जमिनीवर खडे मांडून, जोड्या कशा मोजतात तेही दाखवलं. या वेळी बाबांनी कोर्टाचं नाव काढलं नाही. काका मात्र वाकून पाहत होते.

"म्हंजे तू बी कोयतेच मोजून राह्यली," ते म्हणाले.

मी म्हटलं, "हो."

सोमवारी मी कार्यालयात त्या दोन ओळींपुढे एकच आकडा लिहिला आणि माप पुन्हा काढलं. ते शून्याच्या खाली गेलं. अगदी केसभर, पण खाली. गावाच्या वाटणीत एकत्र असलेली ती एकुलती एक जोडी, आणि कॉम्प्युटरने तिलाच वेगळं केलेलं, मग दुसरं काय होणार? उणे आकडा माझ्या टेबलावर सहसा येत नाही. बाबा आणि काकांनी मिळून तो आणला, याचा मला अभिमान वाटला आणि तो मी लपवला नाही.

साहेबांनी विचारलं, "उणे म्हणजे काय?"

"चिठ्ठ्या टाकून जेवढं जुळलं असतं तेवढंही जुळत नाही, असं."

"एका जोडीवरून तुम्ही हे सांगता? त्यातून तुमचे वडील."

"एका जोडीवरून काहीच सांगता येत नाही," मी म्हटलं. "पण बाकीच्या गावाने अजून उत्तरच दिलेलं नाही. त्यांनी जमिनीचा नंबर सांगितलाय." आणि गट क्रमांकाची सगळी हकिगत त्यांना सांगितली. साहेब स्वतः शेतकऱ्याच्या घरातले. ते खुर्चीत मागे रेलून इतके हसले की शेजारच्या खोलीतले लोक डोकावले. हसून झाल्यावर त्यांनी मसुदा फाडलाबिडला नाही. तो बाजूला ठेवला आणि म्हणाले, "पुन्हा विचारा. पण तुम्ही नका जाऊ."

हे मलाही पटलं. तीच सर्व्हेवाली बाई पुन्हा गेली. या वेळी 'गट' हा शब्दच काढून टाकला होता. 'पेरणीला कोणासोबत राहणार?' एवढाच प्रश्न. तिला घरोघर जास्त वेळ लागला, कारण आकडा सांगायला विचार करावा लागत नाही आणि माणूस सांगायला लागतो. काही घरांत तर त्यावरून नवरा-बायकोची जुंपली, असं ती सांगत होती.

जी वाटणी आली ती मी कितीतरी वेळ पाहत बसले. मातीचा विचार तिच्यात कोणी केला नव्हता. एका विहिरीवर पाणी भरणारे एका गटात होते. एका वाटेने बैलगाडी नेणारे एका गटात. बांधावरून वर्षानुवर्षं बोलणं तुटलेले दोन चुलतभाऊ शेजारी शेजारी शेतं असूनही दोन टोकांना. कॉम्प्युटरशी तिचं माप शून्याच्या बरंच वर आलं आणि एकाच्या बरंच खाली राहिलं. दोन्ही वाटण्यांना गावाबद्दल थोडं थोडं ठाऊक होतं, पण ते सारखं नव्हतं. माझ्या कामात यापेक्षा स्वच्छ उत्तर क्वचितच मिळतं. मी तसं लिहून दिलं.

साहेबांनी तोड काढली. खताचा आणि पाण्याचा सल्ला कॉम्प्युटरच्या गटांप्रमाणे मोबाइलवर जाईल, कारण माती तीच आहे. यंत्रं मात्र गावाच्या गटांना. त्यात वरच्यांची एक अट आली. यंत्र दिल्यावर वर्षभरात गट मोडायला नकोत, म्हणून प्रत्येकाने किती वर्षं गटात राहणार ते लिहून द्यायचं. तेवढंच राहिलं होतं. बाबांचा आणि काकांचा गट एक झाला होता. त्यात आणखी चार घरं होती, ती कोणती हे ऐकून बाबांनी नाक मुरडलं, पण चालवून घेतलं.

बैलांचं काय करणार, मी त्यांना विचारलं.

"यंत्र येवो नाई त इमान येवो," बाबा म्हणाले, "बैल राह्यतीन. यंत्र बिघडलं त डवरा कोन वढन? तुहे साहेब?"

सर्व्हेच्या बाईला ताप आला होता, म्हणून त्या गटाचे फॉर्म मी रविवारी जाताना घेऊन गेले. चार घरं आटोपली आणि ओट्यावर येऊन बसले. बैल गोठ्यात शेजारी शेजारी बांधलेले होते. काकांचा बैल आमच्याकडे होता, कारण उद्यापासून आमच्या शेताची पाळी होती. फॉर्मवर दोन चौकोन होते. तीन वर्षं आणि पाच वर्षं.

"किती लिहू?" मी विचारलं.

बाबांनी काकांकडे पाहिलं. काकांनी खांदे उडवले.

"हे सावड आता राख सावडल्यावरच सुटन," बाबा म्हणाले. "तसंच लिव."

असा चौकोन फॉर्मवर नव्हता. मी पाच वर्षांवर खूण केली आणि बाबांच्या समाधानासाठी खालच्या कोऱ्या जागेत त्यांचं वाक्य लिहायला लागले. काकांना लिहिता-वाचता येत नाही, पण पेन थांबलं नाही हे त्यांना दिसत होतं. ते जरा पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "कोनाची पयले, थे नोको लिवू, बाई."